न निवडलेल्या तिसऱ्या

संशोधनासाठी मी रत्नागिरीला आलो, तेव्हा डॉ. शरयू आगवेकर यांची पहिली गाठ त्यांच्या खोलीत पडली नाही. विभागात चौकशी केली तर बाई ओहोटीला गेल्यात, असं कळलं. मी कडक इस्त्रीच्या पँटीत खाडीवर पोहोचलो. बाई पातळ खोचून गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. चिखलात उतरायला लाज वाटते का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं आणि दुसऱ्याच पावलाला एक चप्पल घालवून बसलो. बाई मनसोक्त हसल्या आणि मी त्यांचा विद्यार्थी झालो.

यंदा बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल या गौरवग्रंथात माझ्याहून अधिकारी माणसं लिहितीलच. मी एकच हकिगत सांगणार आहे. ती बाईंच्या चुकीची आहे आणि ती सांगायची परवानगी मला मागावी लागली नाही, कारण बाई स्वतःच ती दरवर्षी सांगतात.

या दशकाच्या सुरुवातीला बाई खाडीतल्या तिसऱ्यांचा अभ्यास करत होत्या. या शिंपल्यांवर काठच्या गावातल्या कितीतरी चुली चालतात. उपसा वाढवला तर चालेल की साठा संपेल, हा प्रश्न होता. हमीदाबी आणि त्यांच्या सोबतिणी ओहोटीला तिसऱ्या काढायच्या. हाताला येतील तशा टोपलीभर आम्हांला द्या, असं बाईंनी त्यांना सांगितलं होतं. आम्ही त्या मोजायचो, मापायचो. सगळ्या कशा टपोऱ्या! साठा उत्तम आहे, उपसा वाढवायला हरकत नाही, असा निष्कर्ष निघाला. शोधनिबंध स्वीकारला गेला. बाईंची प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि तिथे या निबंधाचं वजन पडणार होतं.

अशात हमीदाबींनी आम्हांला जेवायला बोलावलं. आमच्या पानात टपोऱ्या तिसऱ्या आणि घरच्यांसाठी चुलीवर ठेवलेल्या कालवणात पाहावं, तर नखाएवढ्या. बाईंचा हात थांबला. या बारक्या कुठून आल्या, असं त्यांनी विचारलं. त्याच खाडीतल्या, हमीदाबी म्हणाल्या. मग आमच्या टोपलीत त्या कशा आल्या नाहीत? हमीदाबींना प्रश्नच कळेना.

"पावण्यांना बारीक कशा द्यायच्या, बाय? माणसं काय म्हणतील?"

आमच्या कोकणात पाहुण्यापुढे चांगलं तेच ठेवतात, हे बाईंना का ठाऊक नव्हतं? जन्म इथला. पण मोजमापाच्या नादात आपणही पाहुणेच आहोत, हे त्या विसरल्या. इतके दिवस आम्ही खाडी मोजत नव्हतो, गावाचा पाहुणचार मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते, बाईंचं हित पाहणारे. निबंध येऊ द्या, मुलाखत होऊ द्या, दुरुस्ती पुढच्या निबंधात करा, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. मीही तिथेच उभा होतो आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांच्या बाजूचा होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, कालपर्यंत ती माझी चूक होती. आज छापलं तर ती लबाडी होईल."

निबंध मागे घेतला गेला. प्राध्यापकपद दुसऱ्यांना मिळालं. बाईंना त्याचं वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. त्या काही देव्हाऱ्यातल्या नाहीत. मग आम्ही स्वतः चिखलात लाकडी चौकट टाकून, तीत सापडेल ते सगळं वेचून पुन्हा मोजणी केली. साठा घटत होता. हे छापण्याआधी बाईंनी गावच्या शाळेच्या पडवीत बायकांना वाचून दाखवलं. बरीच वादावादी झाली आणि अखेर खाडीचा एक भाग हंगामभर न काढता ठेवायचं बायकांनीच ठरवलं. आज तिथे पुन्हा हाताला टपोऱ्या लागतात.

बाईंचा शनिवारचा वर्ग सुरू झाला तो यातूनच. नवा संशोधक आला की आधी या वर्गात बसायचं. दापोलीहूनही मुलं एसटीनं येतात. बाई आपली चूक सांगून सुरुवात करतात, मग प्रत्येकानं आपण कुठे फसू शकतो ते सांगायचं. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती कशासाठी हे आधी सांगायचं आणि निष्कर्षही पहिल्यांदा त्यांनाच ऐकवायचा. सचोटी घरून आणायची असते, तिचे कसले वर्ग, असं एकानं टोमण्यात विचारलं होतं. बाईंचं उत्तर विद्यापीठभर झालं: "प्रामाणिक माणसालाच हे शिकवावं लागतं. लबाडाला सगळं येतच असतं."

मी तापानं अंथरुणाला खिळलो, तेव्हा याच बाई सकाळी पेज घेऊन यायच्या आणि दुपारी माझी मोजणी करायच्या. प्रबंधात मात्र, हे आकडे माझे नव्हेत, असं मला लिहायला लावलं. त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. चहा त्या अतिशय वाईट करतात. एक प्रकरण माझ्याकडून त्यांनी इतक्यांदा लिहून घेतलं, की मी कॉलेज सोडायला निघालो होतो.

साठीनिमित्त परवा आम्ही त्यांच्याकडे जमलो होतो. हमीदाबी आता थकल्यात. त्यांनी सुनेच्या हाती टोपली पाठवली होती. बाईंनी वरची पानं बाजूला केली. टपोऱ्या, मध्यम, नखाएवढ्या, सगळ्या एकत्र. सून म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलंय, निवडलेल्या नाहीत."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. पाहुणी म्हणून इतकी वर्षं गेलेल्या बाईंना गावानं घरातलं मानलं होतं. त्या पदापुढे प्राध्यापकपद ते काय!

बाई, हा लेखही मी तसाच दिलाय, तुमचा राग आणि तुमचा चहा यांच्यासकट. तुमचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि अजून पुष्कळ वर्षं नव्या मुलांच्या चपला तुमच्यादेखत त्या चिखलात जावोत.