पिशवीतला कीबोर्ड

मी खुर्चीवरून उठले आणि सरांची बायको, वहिनी, आतून आल्या. हातात तांब्याची वाटी. त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि कीबोर्डवर गोमूत्र शिंपडलं. सकाळपासून माझी बोटं चालत होती त्याच कीबोर्डवर. डावीकडून उजवीकडे, व्यवस्थित, दारात सडा घालावा तसं. उरलेलं माझ्या खुर्चीवर.

सर शेजारीच उभे होते. त्यांनी टेबलावरचा पेन ड्राइव्ह उचलून खिशात टाकला. भिजू नये म्हणून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचं आपलं जुनं आहे. मनावर घेऊ नका, बाई."

आणि मी काय बोलले? ऐका. मी म्हणाले, "वहिनी, जरा बेतानं. आत ओल जाईल."

माझ्या बोटांचा विटाळ धुतला जात होता आणि मला काळजी कीबोर्डची. आज आठवलं की हसू येतं. वहिनींचं येतं थोडं. जास्त त्या बाईचं येतं, जी पर्स छातीशी धरून तिथे उभी होती आणि ओल जाईल म्हणत होती. चांगली बाप्या माणसांना झापणारी बाई. जळगावात कोर्टाच्या मागे टायपिंगचं दुकान चालवणारी. वकिलांना सांगायची, रांगेत या, काळा कोट घातला म्हणून काय पुढे घुसाल. आणि इथे गाय झाली. गाय म्हणजे त्यांच्या हिशोबानं बरंच चांगलं. गायीचं शिंपडतात तरी.

सर माझ्या दुकानात मजकूर टाईप करून घ्यायला यायचे. इंजिनीअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. गावोगावच्या वाचनालयांसाठी एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं, ते त्यात ठेवायचं. त्याची मराठी माहितीपुस्तिका इंटरनेटवर. कुणीही वाचावी, चूक दिसली तर कुणीही सुधारावी. सर म्हणाले, "इथे कुणाची मालकी नाही, बाई. दार सगळ्यांना उघडं."

दार उघडं. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं.

काम मोठं गमतीचं. वाचणाऱ्याला पान साधं दिसतं, पण मागे खुणा असतात. इथून मथळा सुरू, इथे संपला. इथून यादी, इथून सूचनेची चौकट. एखादी खूण बंद करायची राहिली की पुढचं सगळं पान ठळक होऊन बसतं. नाहीतर चौकट बंदच होत नाही आणि पुढचा अख्खा धडा गिळते. पायऱ्यांचे आकडे एक, एक, एक, एक. कॉलेजची पोरं दुसरीकडून मजकूर उचलून चिकटवायची, त्याबरोबर नको तो कचरा यायचा. मी तो वेचत बसायचे. ज्वारी पाखडायला बसावं तसं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एका पानावर नोंदी पुसण्याबद्दलची ताकीद एका मोडक्या खुणेमुळे दिसतच नव्हती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक वाचनालय आहे. तिथल्या भाऊंनी ते पान बघून बटण दाबलं आणि गावाच्या सगळ्या नोंदी गेल्या. त्यांनी दुकानात फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. त्या दिवसापासून मी दर रविवारी सरांच्या घरी जायला लागले.

बसायची जागा व्हरांड्यात. पोरं आत हॉलमध्ये, पंख्याखाली. सर म्हणाले, "बाई, तिथे नेटवर्क चांगलं मिळतं."

मला खरं वाटलं. शप्पथ सांगते, खरं वाटलं. घरी येऊन मी सुनेला सांगितलं, सरांनी मला चांगल्या नेटवर्कची जागा दिली. शीतल माझी सून, दवाखान्यात कंप्युटरवर पावत्या काढते. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन् पंखा?"

"नेटवर्कला पंखा नाही लागत."

"तुमले लागस ना."

मी तिला म्हणाले, तू गप बस. शहाणी सासू.

मे महिना आला. जळगावचा मे. व्हरांड्याची फरशी चटके देत होती, सरांनी दिलेला लॅपटॉप हात लावू देत नव्हता. मी आत गेले, सरांच्या टेबलावर बसले, त्यांच्या कंप्युटरवर पानं दुरुस्त केली. पोरं आपापल्या स्क्रीनवरच होती. मला वाटलं, झालं, आत आले. मग ती वाटी.

कीबोर्ड गेला. म्हणजे खरंच गेला, अर्धी बटणं चिकटली. पवित्र होऊन निकामी. पुढच्या रविवारी सरांचा फोन आला. "बाई, येताना तुमचा कीबोर्ड आणाल का? तुमचा हात त्यावर बसलेला आहे."

आणि मी नेला.

टॉवेलात गुंडाळला, कापडी पिशवीत घातला, वायर वर लोंबत. दर रविवारी. रिक्षावाला विचारायचा, "अक्का, पेटी वाजवाले जाई राहिनी का?" मी ऐटीत सांगायची, कारागीर आपलं हत्यार बरोबर बाळगतो. कारागीर. माझ्या आजोळी, एरंडोलकडे, चहाच्या टपरीमागे आमच्या लोकांचा कप खुंटीला वेगळा टांगलेला असायचा. चहा पिऊन आपणच विसळून टांगायचा. त्या गोष्टी ऐकून मी म्हणायची, कशी माणसं होती, पीत कशी होती. निदान त्यांचा कप टपरीवर असायचा. मी माझा स्वतः वाहून नेत होते, रिक्षाचं भाडं भरून. आणि काम झालं की वायर काढायची, गुंडाळायची, परत न्यायची. माझ्यामागे टेबल पुसलं जायचं. मी चपला घालताना फडक्याचा आवाज ऐकू यायचा. आता सांगताना तोंड कडू होतं. थुंकावंसं वाटतं, पण घरात कुठे थुंकणार.

कंप्युटर सरांचा, खातं सरांचं, म्हणून माझी प्रत्येक दुरुस्ती सरांच्या नावानं जायची. त्या कामाची रीत अशी, की प्रत्येक बदलापुढे बदल करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. स्वल्पविराम बदला, नाव राहतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरांनी विचारलं होतं, "बाई, तुमचं वेगळं खातं काढायचं का? उगाच पासवर्डचा घोळ." मी म्हणाले, "नावाचं काय करायचं, सर. काम झालं म्हणजे झालं." असं बोलल्यावर मला संत असल्यासारखं वाटलं होतं. मुक्ताईनगरला देवळाबाहेर बसवलं असतं तर लोक पायाही पडले असते.

अशी वर्षं गेली. शीतलला मुलगी झाली. मी दुकान विकलं. पानं मात्र सोडली नाहीत.

मग गेल्या हिवाळ्यात धुळ्याला सरांचा सत्कार ठरला. मातृभाषेची सेवा. सरांनी स्वतः फोन करून बोलावलं. "बाई, तुम्ही यायलाच हवं." मी पांढरी साडी काढली, धुतली, कडक इस्त्री केली. शीतलला रजा टाकायला लावली, नातीला घेतलं, एसटीनं पारोळ्यामार्गे धुळे. वाटेत नातीला सांगत होते, आज स्टेजवरून आजीचं नाव घेणार आहेत. तिनं विचारलं, पूर्ण नाव का? मी म्हणाले, पूर्ण.

सर छान बोलले. ज्ञानाला कुंपण नसतं म्हणाले. सूत्रसंचालक म्हणाला, सरांनी हे काम एकहाती उभं केलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. शेवटी सरांनी माईक परत घेतला. मी साडीचा पदर नीट केला. सर म्हणाले, "टायपिंगला काही जणांनी हातभार लावला, त्यांचेही आभार."

काही जण. नात माझ्याकडे बघत राहिली. ती अजून वाट बघत होती.

बाहेर सर भेटले. शाल अंगावर तशीच. बरोबरच्या पाहुण्यांना माझ्याकडे हात करून म्हणाले, "या आमच्या टायपिंगच्या बाई. यांच्या समाजात आता बरीच मंडळी पुढे आली आहेत, कौतुक वाटतं." पाहुण्यांनी माना हलवल्या. कौतुकानं. तोंडात गुलाबजाम होता त्यांच्या.

एसटीत शीतलनं माझ्या साडीकडे बघितलं. मग म्हणाली, "इस्तरी वाया गई, अक्का."

मी नातीला मांडीवर घेतलं.

"बठ्ठं काम तुमनं. मंग नाव त्यास्नं कसं?"

"मीच म्हटलं होतं, नाव नको."

"तुम्ही म्हटलं. त्यास्नी ऐकी पण लिधं. बाकीनं तुमनं काय ऐकस हो त्या?"

सासूला असं बोलायची हिंमत बघा. पण हिशोब पक्का होता. वाटीच्या वेळी बेतानं म्हटलं, ते ऐकलं नाही. आत बसले तर कीबोर्ड धुतला. बरोबर तेवढंच ऐकलं, जेवढं त्यांच्या सोयीचं. एसटीत मला उलटी आली. शीतलनं पिशवी धरली. लोकांना वाटलं बस लागली.

घरी आल्यावर मी माझं खातं काढलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव. आडनाव वाचलं की आमच्याकडे पुढचं विचारावं लागत नाही. एका पानावर पुस्तकं परत घेण्याचा तक्ता मोडला होता, रकाने एकमेकांत घुसलेले. तो सरळ केला आणि माझ्या नावानं पाठवला. बदल का केला हे खाली लिहायची जागा असते. मी लिहिलं: "तक्त्याच्या खुणा दुरुस्त केल्या. याआधीची बरीच पानंही मीच दुरुस्त केली आहेत. ती सरांच्या नावावर आहेत, कारण मी त्यांच्या कंप्युटरवर, माझा वेगळा कीबोर्ड नेऊन काम करत होते. वेगळा कशासाठी, तर मी हात लावलेल्या कीबोर्डवर त्यांच्या घरी गोमूत्र शिंपडलं गेलं होतं, म्हणून."

मराठी पानांवर कोणता बदल घ्यायचा आणि कोणता परत पाठवायचा, हे सर ठरवतात. पण परत पाठवला तरी तो पुसला जात नाही. खालच्या मजकुरासकट तिथेच राहतो, जगाला दिसतो. तो काढायचा तर मी काढायचा. नाहीतर सॉफ्टवेअरच्या वरच्या लोकांनी, आणि त्यांना कारण सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन.

"ताई," सर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई. "ताई, हे काय लिहून ठेवलंत?"

"खोटं आहे का, सर?"

"खोटं म्हणत नाही मी. पण ही घरातली गोष्ट. तिला बीपी आहे. आणि तक्त्याशी याचा संबंध काय?"

"तक्ता मीच सरळ केला. तेवढा संबंध."

 सरांचा आवाज मऊ झाला. "हे बघा. पहिल्या पानावर कार्यकर्त्यांची नावं असतात. तुमचं नाव तिथे टाकतो. सगळ्यात वर. फोटोही देऊ. जळगावात एक छोटा सत्कार ठेवू, तुमचा एकटीचा. तेवढं शेवटचं एक वाक्य काढा."

मला नाव हवं होतं. लपवत नाही. संतपणा धुळ्याच्या एसटीत ओकून टाकला होता. मला ते पान नातीला दाखवायचं होतं, बोट ठेवून. माझा हात माऊसवर गेला होता. एक वाक्य. काढलं असतं तर काय, ते घडायचं थोडंच राहणार होतं. मी मनातल्या मनात फोटोही निवडला, चष्म्याशिवायचा. इतकी वर्षं जाऊनसुद्धा ती पर्सवाली बाई माझ्यातून गेली नव्हती.

"नाव कसं टाकाल, सर?" मी विचारलं.

"आडनावाची गरज नाही, ताई. नुसतं पहिलं नाव आणि आजी. वाचायला गोड वाटतं."

गोड.

मी म्हणाले, "वाक्य राहील."

"मग मला तुमचा बदल घेता येणार नाही."

"नका घेऊ."

त्यांनी तो बंद केला. खाली शेरा मारला, विषयाशी संबंधित नाही. मी तोच बदल परत पाठवला, तेच वाक्य, तेच पूर्ण नाव. त्यांनी परत बंद केला. हॉलमधली ती पोरं आता पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. त्यातल्या एकानं मला व्हॉट्सॲपवर निरोप धाडला, मावशी, तुमचं बरोबर आहे, पण पब्लिकमध्ये नको होतं. मी विचारलं, वाटी कशी पब्लिकमध्ये चालली, तुम्ही सगळे तिथेच होता ना? त्यानं वाचलं. निळ्या खुणा उमटल्या. तेवढंच.

शीतल म्हणाली, "तक्ता मोडेल राहिना ना पण. त्या चोपडावाला भाऊनं काय?"

हे खरं लागलं. त्या भाऊंना मी फोन केला. सगळं सांगितलं, वाटीपासून. तक्ता तोंडी समजावला, त्यांनी लिहून घेतला. शेवटी म्हणाले, "अक्का, एक वाक्य काढी टाकं असतं तर बठ्ठ्यासनं भलं व्हतं." चांगला माणूस. त्यालाही तेच सोपं वाटलं. सगळ्यांचं भलं नेहमी आमच्याच एका वाक्यावर अडलेलं असतं.

मी नाही काढणार. माझी दुरुस्ती हवी असेल तर त्या वाक्यासकट घ्या, आडनावासकट घ्या. बंद करा, मी परत पाठवीन. हात चालतात तोवर पाठवीन. नाही घेतली तर ते पान तसंच मोडकं राहू दे. लोक अडतील, चिडतील, विचारतील की एवढा साधा तक्ता कुणी सरळ का करत नाही. विचारू देत. सरळ केलेला आहे, आणि का घेतला नाही ते खाली लिहिलेलं आहे.