ओहोटीच्या वाळूवर नणंद-भावजय

पाण्याबद्दल मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. माझं माहेर आणि सासर, दोन्ही माजलगावच्या धरणाच्या फुगवट्याला लागून. हिवाळ्यानंतर पाणी हळूहळू मागं सरकतं आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळात आम्ही काकड्या-कलिंगडं लावतो. एकदा पाण्यानं सोडलेली जमीन पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपली, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. या ज्ञानाच्या जोरावर मी कोकणातल्या एका खाडीत नणंदेला बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

फिरायला जायची कल्पना माझीच. ताई, म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. वीस वर्षं ऊसतोडीला गेली. लोक म्हणायचे, बाईनं मुलूख पाहिला. काय डोंबल पाहिला! मुकादमानं ट्रकमध्ये बसवलं की बसायचं आणि कारखान्याचं गाळप संपलं की परत यायचं. कुठं जायचं, कधी परतायचं, हे तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. यंदा तिचा मुलगा कमावता झाला आणि तिची तोड सुटली. मी म्हटलं, आता एकदा तरी हिनं स्वतःच्या मर्जीनं हिंडायचं. टूरवाल्याची बस नको, कुणी पुरुष माणूस सोबत नको. एसटीनं समुद्र गाठायचा, खाडी आली की तरीतून, म्हणजे माणसं पलीकडं नेणाऱ्या होडीतून, ती ओलांडायची आणि आवडेल त्या गावी राहायचं.

नवरा ऐकूनच हसला. "तुमी दोघीच? कावून?" मग गंभीर होऊन त्यानं अट घातली. "एक जरी भानगड झाली, तर मी गाडी घिऊन येनार आन् दोघींना घरी आननार. परत असलं काही काढायचं न्हाई." मी हो म्हटलं. तो बोलल्यासारखं करणारा माणूस आहे, हे मला माहीत होतं, पण भानगड होईल कशाला?

पहिले तीन दिवस झकास गेले. मी गावोगाव दहा जणांना विचारून खोल्या मिळवल्या, एका खानावळवालीला आमच्यासाठी बाजरीची भाकरी करायला लावली. ताईला समुद्र आवडला होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती तोंडानं काही सांगेल तर शपथ. "वैनी, इथं बसू का? वैनी, नारळपानी घेऊ का?" दर वेळी परवानगी. मी वैतागून म्हणायचे, "मला कावून इचारता? तुमाला काय वाटतंय ते सांगा की." तर म्हणायची, "मला काय, तुमी म्हनाल तसं." मला संताप यायचा. तो तिच्यावर नव्हता. वीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी तिला असं करून ठेवलं त्यांच्यावर होता, आणि त्यात आमचं घरही आलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही एका खाडीवर पोचलो. पलीकडं नेणारी तर दुपारी सुटणार होती. खाडीतलं पाणी उतरलेलं, मधोमध वाळूचा मोठा पट्टा उघडा पडलेला आणि तिथवर जायला पोटरीएवढं पाणी. मी म्हटलं, चला, तिथं बसून दशम्या खाऊ.

ताई काठावर थांबली. "वैनी, पानी परत आलं तर?"

"आता पावसाळ्यातच येईल," मी म्हणाले. इतक्या ठामपणे म्हणाले की ती बिचारी निमूट मागं आली.

दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, शिंपले वेचले. भरती-ओहोटी हे शब्द मी शाळेत पाठ केले होते, पण डोळ्यांसमोर उतरलेलं पाणी मला धरणाचंच वाटलं. हात धुवायला उठले, तर आम्ही आलो ती वाट नव्हती. मघाशी पोटरीला लागलेलं पाणी आता कमरेच्या वर होतं आणि जोरात आत शिरत होतं. पट्टा बघता बघता अंगणाएवढा झाला, मग ओट्याएवढा. धरणाकाठी जन्म काढूनही मला पोहता येत नाही. आमच्याकडं विहिरीत पोरांना सोडतात, पोरींना कोण सोडतंय! मी घाबरले. साफ घाबरले. ताईनं पिशवी डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट आवळून धरलं. "हलू नका," एवढंच म्हणाली.

पाणी मांडीला लागलं तेव्हा एक कोळीण होडी वल्हवत आली. "अगो बायांनो, भरती लागली ती दिसत नाय काय?" काठाला लागेपर्यंत ती आम्हाला बोल लावत होती. होडीत ताईनं आधी मला ढकललं, मग स्वतः चढली.

धक्क्यावर ओल्या लुगड्यानिशी बसलो आणि माझा सगळा ताठा उतरला. "चूक माझी हाय, ताई. चला घरी," मी म्हणाले. नेमका तेवढ्यात नवऱ्याचा रोजचा फोन आला. खोटं बोलणं मला जमत नाही. घडलं ते सगळं सांगून टाकलं. तिकडून एकच वाक्य आलं, "तिथंच थांबा, मी गाडी काढतो."

ताईनं माझ्या हातातून फोन घेतला. मला न विचारता घेतला.

"दादा, गाडी काढू नको. पानी परत येतंय हे वैनीला म्हाईत नव्हतं. मी इचारलं, पन हटून बसायचा माझा बी धीर झाला न्हाई. आता पुढं गप बसनार न्हाई मी. धक्क्याला तर लागलीया, आमी पलीकडं चाललो."

तो बराच वेळ बोलत राहिला. तिनं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं चढ्या आवाजात विचारलेलं मलाही ऐकू आलं, "अगं, मग परत येनार तरी कवा?"

"मन भरल्यावर," ताई म्हणाली, आणि फोन बंद करून तरीकडं चालू लागली.