समईच्या बाजूची पाकळी

अकरावी-बारावी सायन्सला आमच्या वर्गात मुलगी मी एकटी. बाकी सतरा मुलगे. ते मला त्रास देत नसत, बोलतच नसत. पहिल्या बाकावर माझ्या शेजारची जागा दोन वर्षं रिकामी राहिली. प्रयोगाला जोडीदार लागला की सर स्वतः माझ्यासमोर उभे राहून घड्याळ धरायचे आणि मी लंबकाचे झोके मोजायचे. माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेल्या मुलींपैकी दोघींची लग्नं झाली होती, एक मुंबईला नातेवाइकांचं मूल सांभाळायला गेली होती. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने परत येताना खिडकीतून समुद्र दिसायचा. लोक म्हणतात समुद्राची सोबत वाटते. मला कधी वाटली नाही. मला शेजारच्या सीटवर एखादी मुलगी हवी होती, जिला विचारता आलं असतं, की काय गो, आजचा तो अपवर्तनाचा प्रश्न तुला सुटला का?

आमचं गाव कुणकेश्वरच्या पलीकडे. बाबा गावच्याच प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळेत शुद्ध मराठी, उंबरठ्याच्या आत मालवणी, तिथे मी मुलगी नव्हे, 'चेडू'. ते फार कमी बोलायचे आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर द्यायचे, 'बघूया.' हा 'बघूया' होकार की नकार, हे आईलाही वीस वर्षांच्या संसारात उमगलं नव्हतं, तिथे मी कोण!

निकाल लागला. भौतिकशास्त्रात मला इतके चांगले मार्क पडले की फिजिक्सच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये खुर्ची दिली. सर घाटावरचे, कोल्हापूरकडचे. एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर उभ्या रेघा मारून त्यांनी माझ्या भवितव्याचे चार रकाने पाडले. मेडिकलचा रकाना आधीच बाद, कारण बेडूक कापायचा नाही म्हणून मी जीवशास्त्र घेतलंच नव्हतं. मुंबईचं इंजिनीअरिंग: मार्क थोडे कमी पडत होते, तिसऱ्या यादीत कदाचित नाव लागलं असतं, पण यादी नोटीस बोर्डावर लागते, ती बघायला रोज जाणार कोण? मामाच्या एका खोलीत आधीच सहा माणसं. गोवा जवळ, बांद्याच्या पुढे एक नाका ओलांडला की आलंच. पण तो नाका ओलांडला की मी परराज्यातली, शेवटच्या रांगेतली. राहिला चौथा रकाना. कोल्हापूर, बी.एस्सी., फिजिक्स. मुलींचं वसतिगृह आहे. त्या रकान्यात सरांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "तुझं नाव पहिल्या यादीत लागायला हवं. अर्ज धाड, बाकी मी बघतो."

मी त्या खुणेकडे घरी येईपर्यंत बघत होते.

आईचा रकाना मात्र सरांनी आखलाच नव्हता. डी.एड. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, अध्यापक विद्यालय जिल्ह्यातच, शनिवारी घरी येता येईल, दोन वर्षांत नोकरी. माझ्या मार्कांना तिथे नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. अर्ज दोन्हीकडे गेले. अर्जांना सत्यप्रत चालायची, हेडमास्तरांचा शिक्का मारलेली. पण प्रवेश घ्यायचा तर मूळ गुणपत्रिका जमा करावी लागे, आणि मूळ गुणपत्रिका जन्मात एकच मिळते. ती ज्या कचेरीत द्याल, तिथले तुम्ही. नंतर मागायला गेलं तर महिनाभर हेलपाटे, आणि तोवर दुसरीकडचं दार बंद. आमच्याकडे ती आईच्या ट्रंकेत, तिच्या लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलेली होती. मी दिवसातून दोनदा उघडून बघायचे.

एका शुक्रवारी सरांच्या कोल्हापूरच्या मित्राचं कार्ड आलं. नाव पहिल्या यादीत आहे, मंगळवारच्या आत मूळ गुणपत्रिका घेऊन या. डी.एड.ची मुदतही तीच. मला नाचावंसं वाटलं. पण नाचायला सोबत लागते. मी कार्ड वाचून दाखवलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"घाटार? एकटा चेडू? आजारी पडलंस तर तुका पाणी कोण देतलो गो?"

तिचं काय चुकलं होतं? फोंडाघाट चढून ती उभ्या आयुष्यात एकदाच गेली होती, तीही अंबाबाईला, आणि वाटेत गाडी लागून तिचे हाल झाले होते. तिच्या लेखी कोल्हापूर म्हणजे ओकाऱ्या आणि अनोळखी माणसं. बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "बघूया." मी मनात त्यांना आईच्या बाजूला टाकून दिलं. रात्री जेवताना आईच म्हणाली, "देवाक इचारूया. कौल लावा. देव सांगात तसा." बाबांनी मान हलवली. रविवारी सकाळचं ठरलं.

ज्यांनी कौल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ग्रामदेवतेच्या पाषाणाला गुरव दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचा वाद असो, बोअर मारायची असो की पोरीचं लग्न, आमच्या गावात शेवटचा शब्द पाकळीचा.

आणि मी बिलंदर मुलगी, मी हे कौल गेली दोन वर्षं टिपून ठेवत होते. प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानांवर. आई दर सोमवारी देवळात न्यायची, तिथे कुणाशी बोलणार, म्हणून मी बघत बसायचे. गावात एक चेष्टा होती, की आमचा देव मुंबईकर चाकरमान्यांना लवकर पावतो. ते आले की उजवी पडलीच म्हणून समजा. मला त्याचं कारण सापडलं होतं. गाभाऱ्यात समई एकच, देवाच्या उजव्या हाताला, पाषाणाला जवळजवळ टेकलेली. एरवी गुरव तेल वाचवायला एकच वात लावायचा. मुंबईकर तेलाचा डबाच आणायचे, मग पाचही वाती पेटायच्या. उजवी बाजू तापायची, त्या बाजूची पाकळी आधी सुकायची आणि गळून पडायची. डाव्या बाजूला तर भिंतीला ओल. एवढा साधा मामला. हा शोध मी कुणालाही सांगितला नव्हता. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच.

तर रविवारी सकाळी मी आईबाबांच्या आधी देवळात गेले. खोबरेल तेलाची बाटली आणि स्वतः वळलेल्या पाच वाती गुरवकाकांच्या हातात दिल्या. "काका, पास झालंय म्हणान नवस आसा. समयेक पाचय वाती लावा." असा कसलाही नवस नव्हता. गुरवकाका खूश झाले. "चेडू देवाचा आसा हो," म्हणाले. मला जराही लाज वाटली नाही. देवाला कोण फसवतंय, मी फक्त दगड गरम करत होते.

आईबाबा आले तोवर समई तासभर जळत होती. बाबा गुरवकाकांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मी खांबाला टेकून उभी होते, आणि मनात कोल्हापूरच्या वसतिगृहात खाट कुठे टाकायची ते ठरवत होते. काकांनी तगरीच्या पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या, आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या मास्तराच्या चेडवान नाव काढल्यान. आता ता फुडला शिक्षान घेवचा म्हणता. तर देवा, तेका हयसरच, आवशी-बापाशीच्या नजरेफुडे ठेवचा काय? ठेवचा असात तर उजवी पाकळी दी, नाय तर डावी दी, म्हाराजा!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. प्रश्न उलटा होता. मी गृहीतच धरलं होतं, की 'धाडू काय' असं विचारतील. ठेवायचं काय, असंही विचारता येतं, हे माझ्या दोन वर्षांच्या टिपणात कुठेच नव्हतं. मी पाकळ्या मोजल्या होत्या, वाती मोजल्या होत्या. प्रश्न कुणाचा आणि तो कसा घालतात, हे कधी लिहून ठेवलं नाही. प्रयोगवहीत अशी चूक एखाद्या मुलाने केली असती तर मी त्याला हसले असते.

समई पाच वातींनी धडधडत होती. माझ्या तेलावर. मला दिसत होतं ना, उजव्या पाकळीची कड सुटायला लागली होती. पाच पावलं पुढे जाऊन वाती विझवाव्यात? चाललेल्या कौलात गाभाऱ्यात शिरणारी मुलगी त्या गावात अजून जन्मली नव्हती. ओरडावं? काय ओरडणार? आई डोळे मिटून हात जोडून उभी. बाबा मात्र डोळे उघडे ठेवून पाषाणाकडे बघत होते. मीही देवाला हात जोडले. खरोखरचे, आयुष्यात पहिल्यांदा. डावी पाड, डावी पाड, डावी पाड.

उजवी पडली.

आई रडायलाच लागली, आनंदाने. गुरवकाकांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. आई ओटी भरायला मागे थांबली आणि मी आणि बाबा पुढे निघालो. मी रागाने फणफणले होते. आई निदान तोंडावर विरोध करते, आणि या माणसाने गुरवाच्या कानात सांगून मला घरात कोंडलं! वाटेत कुंपणाजवळ बाबा थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते.

"माका वाटला नव्हता गो, देव असा सांगात," ते म्हणाले.

"तुमीच तसा इचारलास!" मी म्हणाले. आवाज चढलाच.

"धाडू काय म्हणान इचारलंय असतंय आणि देव होय म्हणालो असतो, तर तुझी आवस जन्मभर म्हणाली असती, मास्तरान देवाक भरीस घातल्यान. म्हणान तिच्या बाजून इचारलंय. ठेवू काय? माका खात्री होती, देव नाय म्हणतलो. तुझा डोक्या मी बघितलंय, देव बघूचो नाय?" त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. कागद होता, कोल्हापूरच्या गाड्यांच्या वेळा, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. "सोमवारच्या सकाळच्या गाडयेसाठी रजा टाकून ठेवलेली मी. दोघांनी जावया म्हणान."

मी कागदावरच्या वेळा वाचल्या. एका वाक्याचं काम होतं. बाबा, ती समई मी लावायला सांगितली. तो कौल देवाचा नव्हे, माझ्या खोबरेल तेलाचा. मंगळवार अजून दोन दिवसांवर होता. पण हे सांगितलं असतं तर त्या माणसाचा देवच संपला असता, असं मला वाटलं. ज्या देवावर माझ्या डोक्याच्या भरवशाने त्याने सगळं टाकलं होतं, तो नुसता तापलेला दगड आहे, हे त्याला त्याच्या मुलीनेच सांगायचं? आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. लाजही वाटली, उशिरा का होईना. मी म्हणाले, "ऱ्हवांदे बाबा. डी.एड. पण बरा आसा."

सोमवारी बाबांनी टाकलेली रजा वाया गेली नाही. शालूच्या घडीतली गुणपत्रिका घेऊन आम्ही दोघं अध्यापक विद्यालयात गेलो. कारकुनाने ती टाचणी मारून फायलीत लावली आणि पावती दिली. सरांना मी पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. मला वर्गात मैत्रिणी मिळाल्या, पुष्कळ मिळाल्या, पण त्या दोन वर्षांत मी कुणाशी प्रकाशाबद्दल बोलले नाही. पुढे शिक्षिका झाले. चांगली झाले, असं म्हणतात.

नोकरी लागल्यावर एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, आईला पसंत होता. आई म्हणाली, "देवाक इचारूया." बाबा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नको. एकदा इचारलंय. त्या देवाक माणूस कळणा नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या रविवारनंतर बाबा देवळात गेलेच नव्हते. गावात कुणालाही त्याचं कारण माहीत नव्हतं. आई म्हणायची, गुडघे दुखतात. मी दारात उभी होते, ते ओसरीवर, मध्ये चार हातांचं अंतर. जो देव वाचवायला मी गप्प राहिले होते, तो त्यांनी त्याच दिवशी सोडला होता, आणि मला तो अजून त्यांच्यापाशी आहे असं वाटत होतं. मी तेव्हाही बोलले नाही. आता बाबा राहिले नाहीत, हे कुणाला सांगायचं, म्हणून इथे लिहिते आहे.