चाप न ओढता सुटलेली गोळी

मला बंदुकांची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. आणि तरीही ब्रिस्टलमध्ये दीड वर्ष मी रायफलींवर काम केलं. पुण्याच्या मैत्रिणींनी फोनवर विचारलं तर मी म्हणायचे, "इलेक्ट्रॉनिक्सचं आहे गं काहीतरी," आणि विषय बदलायचे.

दोन हजारनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. माझं वर्क परमिट ज्या कंपनीचं होतं ती म्हणजे शहराबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं एक वर्कशॉप, माणसं मोजून सात. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी ते रायफली बनवायचे. साध्या रायफलीत चाप ओढला की आतली पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि गोळी सुटते. आमच्या नव्या रायफलीत आपटणारं काही नव्हतंच. चाप म्हणजे एक इलेक्ट्रिक स्विच. तो दाबला की बॅटरीची वीज थेट काडतुसापर्यंत जायची. हिसका नाही, थांबणं नाही, नेम हलायच्या आत गोळी गेलेली. ते सर्किट आणि त्यातला प्रोग्रॅम माझा. म्हणजे चाप ओढला गेलाय की नाही हे ठरवणारी मी, असं म्हणा ना.

आणि ही रायफल कोणालाच नको होती! अमेरिकेत असली रायफल आधीच बाजारात येऊन बसली होती, खपत नव्हती. आम्ही नमुना घेऊन नेमबाजीच्या क्लबात गेलो की लोक हातात घेऊन बघायचे, वा वा करायचे, आणि मग एकेक प्रश्न. बॅटरी संपली तर? हिची काडतुसं वेगळी, ती आमच्या गावातल्या दुकानात मिळतील का? पावसात भिजली तर? माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची! मोबाइल खिशात घालून फिरता तेव्हा नाही विचारत पावसाचं! बॉस मात्र दर वेळी हसून म्हणायचा, "त्यांना थोडा वेळ देऊ या."

सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचे ते आमचेच मास्तर. मास्तर हे मी मनात ठेवलेलं नाव. समोर त्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे पहिल्या नावानेच हाक मारायचे आणि दर वेळी जीभ अडखळायची, कारण माणूस सत्तरीला आलेला. आयुष्यभर बंदुका दुरुस्त केलेल्या, आता आमच्याकडे चाचणीच्या गोळ्या झाडायचं काम करायचे. वर्कशॉपमधल्या बंदुकांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच. बायको गेल्यापासून घरी एकटे. शनिवार-रविवार क्लबात जाऊन नव्या लोकांना नेम शिकवायचे. "पिन दिसते," ते मला म्हणायचे. "झिजली तर बोटाला कळते. तुझी वीज कुठे दिसते मला?"

"माझ्यावर विश्वास ठेवा की."

"तुझ्यावर आहे. तिच्यावर नाही."

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात फोरमन होते. तिथे खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवायची रीत. सकाळीच त्यांचा फोन आला. "अगं, तू तर आता आमच्याच लाइनीतली. पूजा करणार आहेस ना?"

"करते बाबा, ऑफिसात जाऊन करते. तुम्ही नका काळजी करू."

रायफल कपाटात, कुलपात. पण तिच्यातला चापाचा डबा, काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा, माझ्या टेबलावर होता. कोरडं कुंकू धातूवर टिकेना म्हणून पाण्यात कालवलं आणि झाकणावर अंगठ्याने चांगलं ठसठशीत बोट ओढलं. हळद लावली, एक पिवळं फूल ठेवलं. मास्तर मागे उभे राहून बघत होते.

"हे कशासाठी?"

"तुमचं रक्षण व्हावं म्हणून," मी ऐटीत म्हटलं. ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी झाकण वरवर पुसलं आणि त्यांनी डबा रायफलीत बसवला.

चार दिवसांनी आम्ही टेकड्यांजवळच्या, क्लबच्या गोळीबाराच्या रेंजवर गेलो. भुरभुर चालू होती. मास्तर चटईवर पालथे झोपलेले, रायफल टेकूवर, काडतूस घालायची खीळ, म्हणजे बोल्ट, उघडा, आत काडतूस नाही. तिथली सुरक्षा बघणारा क्लबचा रेंज ऑफिसर हो म्हणाल्यावर मी पुढे गेले. नळीपासून दहा पावलांवर, तिवईवर, गोळीचा वेग मोजायचं यंत्र होतं. ते सरळ केलं, त्याच्यावरचे पावसाचे थेंब बाहीने पुसले. पुसायला वेळ लावला, कारण मला सगळं व्यवस्थित लागतं. मग परत येऊन मास्तरांच्या मागे उभी राहिले. त्यांनी काडतूस घातलं, बोल्ट बंद केला आणि नेम धरायच्या आधी अंगठ्याने बॅटरीचा मेन स्विच चालू केला.

धाड!

तिवई आडवी झाली आणि यंत्राचे तुकडे गवतात उडाले. मला आधी कळेचना काय झालं. कळलं तेव्हा मी ओल्या गवतात बसलेच. एका मिनिटापूर्वी माझं पोट त्या रेषेत होतं. एका मिनिटापूर्वी!

मास्तरांनी रायफल समोरच रोखून धरली होती. स्विच बंद केला, बोल्ट उघडला, रिकामी पुंगळी बाहेर काढली, सगळं नवशिक्यांना शिकवायचे तसं एकेक करून. मग उठून ते थेट माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही लागलं, खरंच नाही."

रेंज ऑफिसर माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. "तुमचं बोट चापावर होतं," तो मास्तरांना म्हणाला.

"नव्हतं. मी फक्त स्विच लावला."

"स्विच लावताना बोट घसरलं असेल. रायफल आपोआप सुटत नाही."

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "नव्हतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मला वाटतं, नव्हतं."

हे पोलिसांना कळवावं लागेल, ऑफिसर म्हणाला. तिथे बंदुकीचं सर्टिफिकेट पोलिसच देतात आणि पोलिसच काढून घेतात. ते गेलं की मास्तरांचं काम जाणार, क्लब जाणार, घरातली त्यांच्या वडिलांची जुनी रायफलसुद्धा जाणार.

दुपारी तीन वाजता वर्कशॉपमध्ये मी डबा उघडला. झाकणाच्या फटीतून आत गेलेला एक गुलाबी ओघळ, स्विचच्या दोन टोकांच्या बरोबर मधोमध. ओलसर. मीटर लावला. त्या ओघळातून वीज जात होती आणि माझ्या सर्किटला वाटत होतं की चाप ओढलेलाच आहे. कपाळ माझं! तुमचं रक्षण व्हावं म्हणे!

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. रायफल चालू करतानाच चाप ओढलेला दिसला तर गोळी सोडायची नाही, हा साधा नियम प्रोग्रॅममध्ये असायलाच हवा. मी माझी वही काढली. मार्चच्या एका पानावर माझ्याच अक्षरात होतं: हा नियम लिहायचा राहिलाय. तो राहिलेलाच होता. म्हणजे कुंकू नसतं तर पावसाने तेच केलं असतं, आज नाही तर महिन्याने.

हातात स्पिरिटचा बोळा होता. एकदा फिरवला की झालं, कोणाला कळलं नसतं. मी फिरवला नाही. पण कोणाला हाकही मारली नाही. डबा आणि वही ड्रॉवरमध्ये घातली, कुलूप लावलं आणि घरची बस पकडली.

माझा नवरा माझ्या व्हिसावर आला होता, त्याला नुकतीच कुठे नोकरी लागली होती. मी सांगितलं तेव्हा आधी त्याने मला घट्ट धरलं. मग बाजूला होऊन म्हणाला, "तू आधी गप्प बस. उद्याच्या उद्या काढतील तुला. परमिट गेलं की आपण दोघंही परत. आणि पोलिसांनी तुझ्यावरच केस केली तर?"

"आणि मास्तर?"

"त्यांना काय होणार आहे? इथलाच माणूस, वय झालेलं. समज देऊन सोडतील."

मला ते पटलं नव्हतं. पण कोणीतरी असं म्हणायला हवं होतं मला, हे कबूल करते. पोलीस हा शब्द ऐकूनच पाचावर धारण बसली होती माझी. परक्या देशात, बंदुकीच्या प्रकरणात, आपलं नाव! फोन समोर होता. मास्तरांचा नंबर पाठ होता. मी कणीक मळायला घेतली आणि स्वतःला म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी अकराला बॉसने आम्हाला खोलीत बोलावलं. मास्तर टाय बांधून आले होते. कपाटाची किल्ली त्यांनी बॉसच्या टेबलावर ठेवली. बॉसने पोलिसांना द्यायचा एक कागद टाइप करून आणला होता: माझं बोट चापावर असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. मास्तरांनी चष्मा लावला आणि पेन उघडलं.

"सही करू नका!" माझा आवाज इतका चिरका निघाला की बॉस दचकला.

मी सगळं सांगितलं. कुंकवाचं चटकन सांगून झालं. बॉस तर हसायच्या बेतात होता. मग मी वहीतलं मार्चचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. बॉसने ते पान दोनदा वाचलं. हसू गेलं.

"तुझ्या चिमूटभर कुंकवाने चार दिवसांत जे केलं," तो म्हणाला, "ते लोकांच्या घामाने आणि चिखलाने महिन्याभरात केलं असतं. ही रायफल कोणी घेणार नाही. आणि बरोबर आहे त्यांचं." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला.

मास्तर माझ्याकडे बघत होते. "म्हणजे माझा हात नव्हता."

"नव्हता. तुमचा हात बरोबर होता. चूक सगळी माझी आहे."

"तुला कधी कळलं?"

आज सकाळी, असं अगदी जिभेवर आलं होतं. "काल," मी म्हटलं. "दुपारी तीनला."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी सकाळी नऊलाच पोलीस स्टेशनवर जाऊन आलो," ते म्हणाले. "सर्टिफिकेट देऊन टाकलं. बंदुका दिल्या, वडिलांचीही दिली. त्यांना सांगितलं, माझा हात आता माझ्या ताब्यात नाही." मग अगदी हळू म्हणाले, "रात्रभर मी हात टेबलावर ठेवून बघत होतो, हलतोय का. पहाटे हलायला लागला."

मला रडूच फुटलं. बॉसने खुर्ची सरकवून दिली, मी बसले नाही.

पोलिसांकडे मी स्वतः गेले, सगळं लिहून दिलं. मला कोणी धरलं नाही, कोणी केस केली नाही. रायफलीचं काम बंद झालं, पण दुसरी नोकरी मिळेपर्यंत बॉसने मला ठेवून घेतलं, आणि ती तीन महिन्यांत मिळाली, तिथेच, लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत. नवऱ्याची नोकरी टिकली. ज्या ज्या गोष्टीला मी घाबरले होते त्यातली एकही झाली नाही.

मास्तरांना पोलिसांनी कळवलं की चूक तुमची नव्हती, या आणि सगळं परत घेऊन जा. ते गेले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन विनवण्या केल्या. "बघू," ते म्हणाले आणि चहा केला. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत सांडत होता. दीड वर्ष मी त्यांचे हात रोज बघितले होते. आधी ते कधी थरथरत नव्हते.