आता उलट बाजूनं बोल

उत्तर बरोबर आलं की आमच्या क्लासचे गणिताचे सर खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "छान. आता उलट बाजूनं बोल." म्हणजे ते उत्तर चूक आहे असं धरून त्याच मुलानं भांडायचं. भांडून हरला, तरच उत्तर बरोबर.

तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल, आणि त्याला हसलाही असाल. गारखेड्यातल्या त्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवत असे. माझी पोरं सूत्रं घोकायची आणि सुखी असायची. सरांचं एक गणित तासभर चाले. मागच्या बाकावरची पोरं चहावाल्याला सांगायची, चहा गोड आहे, आता उलट बाजूनं बोल. सरही हसायचे. त्यांच्या त्या हसण्याचा मला राग यायचा.

सिल्लोडची एक मुलगी होती. आली तेव्हा गाइडातलं उत्तर डोळे मिटून म्हणायची. सरांनी तिच्या मागं लागून ती सवय मोडली. शंका घ्यायला, आपलंच म्हणणं तपासायला शिकवलं. तिचा विषय निघाला की ते लेकीच्या बापासारखे फुलायचे.

पुढं चाचण्यांत त्यांची तुकडी मागं पडली. क्लासच्या मालकांनी मुलांसकट पालकांची बैठक बोलावली आणि सरांना ठेवायचं की काढायचं, हे त्यांच्यासमोरच विचारलं. मी म्हणालो, थोडा वेळ द्या. मालकांनी विचारलं, तुम्हालाही हवाय का वेळ? मी बसलो. तेव्हा सरच त्या सिल्लोडच्या मुलीकडे बोट करून म्हणाले, तिला विचारा.

ती उठली. किती धडे राहिले, प्रवेश परीक्षेत एका प्रश्नाला किती वेळ मिळतो, शेजारची तुकडी कुठं पोचली, सगळं तिनं शांतपणे मांडलं. एकही मुद्दा लंगडा नव्हता.

"सर लई चांगले आहेत," ती म्हणाली, "पण आम्हाला परवडत नाहीत."

सर खुर्चीत पुढं सरकले. "छान. आता उलट बाजूनं बोल."

पालक हसले. ती हसली नाही. मान खाली घालून खरोखर शोधू लागली. सापडू दे काहीतरी, असं मी मनात म्हणत होतो.

"नाय सापडत, सर."

"मग तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. जाताना सवयीनं फळा पुसून गेले.

आता ते चितेगावच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसतात, असं ऐकतो. मुलीला हवा तिथं प्रवेश मिळाला. चौकात तिचा मोठा फ्लेक्स लागलाय. खाली मार्गदर्शक म्हणून फोटो आहे, तो माझा.