फ्लेक्सखालचे हवालदार

कोपरीच्या नाक्यावर माझ्या शेजारी बसून एक हवालदार रोज चहा पिताना समोरच्या फ्लेक्सकडे टक लावून बघत. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत एक बिल्डर हात जोडून उभा होता. आपल्या वॉचमनला गोळी घालून तो कागदोपत्री फरार होता. वॉचमनची बायको रोज येऊन विचारायची, "भाऊ, सापडला का?"

"शोधतोय, ताई," म्हणताना हवालदार मान खाली घालत.

वाढदिवसाला त्याच नाक्यावर मांडव पडला आणि बंदोबस्ताला हेच हवालदार. बिल्डरने येऊन तीन मजली केक कापला. परवानगी असलेलं त्याचं ते पहिलंच बांधकाम असावं. मी भडकलो, "अहो, आता तरी उचला त्याला!"

"वरून हुकूम आहे. आम्ही फक्त गर्दी आवरायची."

तेवढ्यात ती बाई आली. हवालदारांनी बंदोबस्ताची दोरी उचलून धरली.

"सापडला, ताई. जा आत."