अॅग्नेस मधेच का थांबली?

बायांनो, आजचं मंडळाच्या फळ्यावरच लिहिते.

शेजारची मार्था मला अंबरनाथच्या चर्चमध्ये घेऊन गेली. म्हणाली, "आज जगभर सगळ्या चर्चच्या बाया एकच प्रार्थना करतात."

तिची सख्खी बहीण अॅग्नेस उल्हासनगरहून आलेली. माहेर प्रोटेस्टंट, लग्नानंतर ती कॅथलिक झाली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

शेवटची प्रार्थना म्हणताना अॅग्नेस मधेच गप्प झाली. मार्था म्हणतच होती.

मला राहवेना. "काय गं, विसरलीस?"

"आमच्या कॅथलिकांत ही प्रार्थना इथंच संपते."

मार्थानं डोळे न उघडता तिचा हात धरला. "लहानपणी पुढचंही म्हणायचीस. म्हण."

आणि तिनं म्हटलं की बाई!

परतताना रिक्षात आईच्या शिलाई मशीनवरून दोघी कचाकचा भांडल्या.

तुमच्याकडे बंद पडलेलं बोलणं कशानं सुरू झालं? लिहा. खडू इथंच ठेवलाय.